४० मिमी खाली बसवलेली स्विफ्ट: एका स्प्रिंग सेटचा पूर्ण हिशोब

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी मामेभावाचा फोन. दादा, पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग फिरवलं की पुढून टॉक असा आवाज येतोय, शिवाय आई म्हणतेय की तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा एसटी बरी, तू एकदा येऊन बघ ना. आईचं म्हणणं त्याने सहज जोडलं होतं पण खरं सांगायचं तर अख्ख्या प्रकरणाचं निदान त्या एका वाक्यातच होतं, आम्हाला ते कळायला पुढचे तीन रविवार लागले.

गाडी २०१४ ची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय, सेकंडहँड घेतलेली, ७१,००० किमी झालेली. मूळच्या १६५/८० आर१४ टायरच्या जागी त्याने १५ इंची अलॉय आणि १८५/६५ टायर टाकलेत, त्याने उंचीत काही फरक पडत नाही कारण दोन्ही टायरचा व्यास साधारण ६२० मिमीच येतो. हे आधीच सांगतोय कारण नंतर चार जणांनी "टायरमुळे घासत असेल" असं छातीठोक सांगितलं. टायरमुळे नाही.

जुलैत त्याने लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, टाकल्या. बॉक्सवर ४० मिमी छापलेलं, सेट साडेसोळा हजाराला, ओळखीच्या गॅरेजला बसवायचे अडीच हजार, सकाळी गाडी दिली आणि जेवायच्या वेळेला परत. ब्रँडचं आणि गॅरेजचं नाव लिहीत नाही, एकतर मुद्दा तो नाही आणि दुसरं म्हणजे स्प्रिंग स्वतः वाईट नव्हतीच, ते पुढे येईल. पहिले दोन आठवडे पोरगा हवेत. चाक आणि मडगार्डमधली ती पोकळ जागा गेली, गाडी बसकी दिसायला लागली (खरंच छान दिसत होती, मी पण फोटो काढला), वळणावर झुकत नाही, दादा गो-कार्ट झालीये गो-कार्ट. मी तेव्हाच विचारलं होतं की स्टॉपर कापला का, शॉकअप बदलले का, अलाइनमेंट केलं का. तिन्हीला उत्तर एकच, गॅरेजवाले भाऊ म्हणले गरज नाही.

मग आले गणपती. गाव वाईजवळ, गाडीत पाच जण, डिकीत मखराचं सामान आणि नारळाचं पोतं. जाताना खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मागचं एक टायर लायनरला (मडगार्डच्या आतल्या अस्तराला) तीनदा घासलं आणि येताना बोगद्यातून उतरल्यावर जे एस वळण लागतं तिथे त्याला पहिल्यांदा भीती वाटली. वळणात रस्त्याचा एक छोटासा उंचवटा आला आणि पुढचं चाक रस्ता सोडून अर्धा फूट बाहेर सरकल्यासारखं झालं. वेग फार नव्हता. त्यानंतर आठवडाभरात टॉक आवाज सुरू झाला आणि मग तो फोन.

मी मेकॅनिक नाही. डिप्लोमा मेकॅनिकलचा, नोकरी भोसरीत क्वालिटीला, म्हणजे दिवसभर लोकांचे पार्ट मोजून नाही म्हणायचं हे काम. त्यामुळे मला गाडी उघडण्याआधी मोजायची खोड आहे आणि इथे तीच कामाला आली. मित्राचं छोटं गॅरेज रविवारी बंद असतं, त्याची किल्ली मिळाली, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), जॅक, स्प्रिंग कंप्रेसर, टॉर्क पाना आणि माझा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) एवढ्यावर काम झालं.

पहिलं काम उंची. बरेच जण जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावतात, त्यात टायरची हवा कमीजास्त असली तर आकडा खोटा येतो. चाकाच्या मधोमध, हबच्या सेंटरपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. शेजारच्या काकांची तशीच जुनी, काहीही न बदललेली स्विफ्ट तुलनेला मिळाली. त्यांच्या गाडीला पुढे ३७५ आणि मागे ३७२. आमच्या गाडीला पुढे डावीकडे ३३२, उजवीकडे ३३४, मागे ३४५ आणि ३४५. म्हणजे पुढून सरासरी ४२ आणि मागून २७ मिमी खाली. बॉक्सवरचा ४० हा आकडा पुढे थोडा जास्त, मागे बराच कमी. गाडी नाकावर झुकलेली. पुढचं नाक मागच्यापेक्षा १५ मिमी जास्त खाली आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) २४३० मिमी, तर हेडलाइटचा झोत ५० मीटरवर साधारण ३१ सेंटीमीटर खाली पडतो. "दादा रात्री लाइट कमी वाटतो, बल्ब बदलू का" हे त्याने ऑगस्टमध्ये मला विचारलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. बल्ब निर्दोष होता, माझी चूक.

दुसरं माप हे या सगळ्याचा गाभा आहे म्हणून जरा सावकाश सांगतो. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर रबराचं धूळबूट असतं, ते वर सरकवलं की आत दांडीवर बसवलेला पिवळसर फोमचा ठोकळा दिसतो, तो बंप स्टॉपर. गाडी जमिनीवर उभी असताना शॉकअपच्या नळीचं तोंड आणि स्टॉपरची खालची कड यात जेवढी जागा आहे तेवढाच तुमच्या चाकाला वर यायला मोकळा रस्ता. त्यानंतर नळी फोमवर आदळते. काकांच्या गाडीत ही जागा ३८ मिमी निघाली. हो, फक्त ३८. मला वाटलं होतं चांगली सत्तर-ऐंशी तरी असेल. आमच्या गाडीत जागा शून्य. शून्यही नाही, स्टॉपर आधीच एक-दोन मिमी दबलेला, रिकाम्या गाडीत, ड्रायव्हर बसायच्या आधी.

आता लक्षात घ्या, गाडी ४० मिमी खाली आणायची म्हणजे हे ४० मिमी येणार कुठून? चाकाच्या एकूण प्रवासातला वर जायचा भाग कमी होतो आणि खाली लोंबायचा भाग तेवढाच वाढतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या पुढच्या रचनेत) चाक आणि शॉकअप जवळपास एकास एक हलतात, त्यामुळे ४२ मिमीचे शॉकअपवर ४० धरा. ३८ मधून ४० वजा. एवढंच गणित होतं आणि ते बॉक्स विकत घ्यायच्या आधी टॉर्च आणि पट्टीने पाच मिनिटांत करता आलं असतं.

मग ती गो-कार्ट काय होती? फोम. पहिल्या दिवसापासून गाडी स्टॉपरवर बसून चालत होती आणि जी कडक, झटपट, न झुकणारी गाडी त्याला आवडत होती ती स्प्रिंगची करामत नव्हतीच. इथे फोमच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे, हा स्टॉपर फक्त शेवटचा धक्का झेलायला नसतो, आजकालच्या गाड्यांत तो स्प्रिंगचाच एक भाग म्हणून डिझाइन केलेला असतो, मूळ गाडीतही दोन माणसं बसून खड्डा आला की शॉकअपची नळी त्याला टेकते. फरक असा की तो हळूहळू दबत जातो आणि जितका दबतो तितका झपाट्याने कडक होतो. आधीच दबलेल्या फोमवर वळणात बाहेरच्या चाकाचं वजन आलं, त्यात उंचवटा आला, की त्या चाकाची कडकपणाची रेघ एकदम आभाळाला भिडते, टायरला रस्त्याबरोबर वरखाली व्हायला वाव उरत नाही आणि तो सरळ घसरतो. एस वळणातलं अर्धा फूट ते हेच.

स्प्रिंगा काढून व्हर्नियर लावला. काकांच्या गाडीची स्प्रिंग काही उघडता येत नव्हती, पण मामेभावाने नशिबाने जुन्या स्प्रिंगा माळ्यावर ठेवल्या होत्या. मूळ पुढची: तार १२ मिमी, वेटोळ्याचा मधला व्यास १४०, कामाचे आटे, म्हणजे दबणारे वेढे, साधारण साडेचार. नवीन: तार १२, व्यास १४०, आटे चार. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, व्यासाच्या घनाने कमी होतो आणि आटे जितके कमी तितका वाढतो, हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला पाठ केलेलं. आकडे घातले तर मूळ स्प्रिंग मिलिमीटरला १६.५ न्यूटन म्हणजे साधारण १.७ किलो, आणि नवीन १८.५ न्यूटन म्हणजे १.९ किलो. फक्त १२ टक्के कडक. साडेचार आट्यांची स्प्रिंग अर्धा आटा कापून जी होते तीच, नीट रंगवलेली आणि टोक व्यवस्थित घडवलेली. (अर्धा आटा ग्राइंडरने कापून देणारे गॅरेजवाले अजून आहेत, त्यात तापलेल्या टोकाचं टेम्परिंग जातं आणि कापलेलं टोक सीटमध्ये बसत नाही, त्यापेक्षा ही शंभर पटीने बरी हे मान्य.)

हेच किलोत बघू, कारण मामाला मी तसंच समजावलं आणि त्याला लगेच पटलं. मूळ गाडीत पुढच्या एका चाकावर फोमला टेकायच्या आधी जादा किती वजन झेललं जातं? ३८ मिमी गुणिले १.६८, साधारण ६४ किलो. नवीन सेटवर? शून्य. मामा एवढंच म्हणाला, म्हणजे सगळी गादी काढून पाटावर बसवलंय की. मामीने आतून ऐकलं आणि तिला तिचा मुद्दा सिद्ध झाल्याचा जो आनंद झाला तो तुम्हाला काय सांगू.

आता टॉक आवाज. खालच्या स्प्रिंग सीटला एक खोबण असते, आट्याचं टोक तिथे टेकून बसायला हवं. उजवीकडचं टोक खोबणीतून बाहेर येऊन चांगलं ३० अंश फिरलेलं होतं. स्टेअरिंग फिरवलं की स्प्रिंग स्ट्रटबरोबर फिरते, वरचं बेअरिंग मोकळं फिरायला हवं, त्याऐवजी स्प्रिंग पिळली जाऊन सीटवर टॉक करून सुटत होती. हे बसवतानाच चुकलं की नंतर निसटलं हे सांगता येत नाही, पण दुसऱ्याची शक्यता आहे आणि कारण गमतीचं आहे. मूळ स्प्रिंग स्ट्रटवर चढवताना कंप्रेसरच्या स्क्रूला भरपूर फेरे द्यावे लागतात कारण चाक लोंबत असतानाही ती शंभर किलोच्या वर दबलेली असते (म्हणूनच वरचा नट कंप्रेसरशिवाय सोडू नका, हात जातो, अतिशयोक्ती नाही). नवीन स्प्रिंग आखूड, तिला कंप्रेसरच्या स्क्रूचे जेमतेम चार फेरे लागले. गॅरेजवाल्या भाऊंना काम सोपं वाटलं असणार. पण त्याचा अर्थ असा की जॅकवर किंवा मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग जवळपास सैल होते आणि सैल झालेली वस्तू फिरते. मागे तर वाईटच, मागचा बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) लोंबता ठेवला तर स्प्रिंग हाताने गोल फिरत होती, वर आठेक मिमी मोकळी जागा. रबर सीटमधून निसटून तिरकी बसली असती तर हायवेवर काय झालं असतं याचा विचार मी त्याच्यासमोर मोठ्याने केला नाही.

बुशचा घोळ बहुतेक गॅरेजमध्ये होतो म्हणून खास लिहितो. पुढच्या खालच्या आर्मचे बुश आणि मागच्या बीमचे पुढचे बुश हे रबराचे असतात, आतली स्टीलची नळी बोल्टने आवळली की घट्ट होते आणि चाक हलतं तेव्हा रबर पिळलं जातं. त्यामुळे हे बोल्ट गाडीचं वजन चाकावर असतानाच शेवटचे आवळायचे. आमच्या गाडीत स्प्रिंगा बदलताना आर्मचे बोल्ट सैल केले होते आणि परत आवळले ते चाक हवेत लोंबत असताना. लोंबलेल्यापासून उभ्या उंचीपर्यंत चाकाचा प्रवास ११० मिमीच्या आसपास, आर्म ३२० मिमी, म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी रबर २० अंश पिळलेलं. दोन महिन्यांत डाव्या बुशला भेग पडली होती. आणि बीमचे बोल्ट तर सोडलेच नव्हते, म्हणजे तिथला बुश जुन्या उंचीचा पीळ धरून बसलेला.

टायर. पुढचे दोन्ही आतल्या कडेने घासून गुळगुळीत, बाहेरून नवीन दिसतात. सगळे म्हणतात गाडी खाली केली की कॅम्बर (चाकाचं वरचं टोक आत झुकणं) वाढतो आणि टायर खातो. कॅम्बर वाढला होताच, पण टायर इतक्या लवकर खातो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाक सरळ न राहता तिरकं असणं. अलाइनमेंट मशीनवर चढवली तर एकूण टो आउट (चाकांची पुढची कड बाहेर) ५ मिमी, प्रत्येक चाकाला अडीच. रिमच्या काठावर ४०० मिमी अंतरात अडीच मिमी तिरकं चाक म्हणजे दर किलोमीटरला ते चाक सहा मीटरहून जास्त आडवं फरफटतं. चार हजार किलोमीटर गाडी चालली होती. गुणाकार तुम्हीच करा. टायरॉड (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून टो तर सरळ होतो, तीनशे-चारशे रुपयांचं काम, पण ते स्प्रिंग बदलल्या दिवशी करून पुन्हा साधारण पाचशे किमीनंतर करायचं कारण नवीन स्प्रिंग थोडी बसते. मागे बीम आहे, तिथे फिरवायला काही नाहीच, जे येईल ते घ्यायचं.

स्पीडब्रेकरचं प्रकरण मला स्वतःला सगळ्यात आवडलं. पुढून ४२ मिमी गेले, कंपनीच्या कागदावर क्लिअरन्स (जमिनीपासूनची मोकळी उंची) १७०, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली १२८-१३० उरतं असं धरू. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ चं मार्गदर्शन होतं, त्यातला ब्रेकर १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा गोल, ताशी २५ किमीने ओलांडायला. असा ब्रेकर असेल तर गाडीची चारही चाकं एकाच वेळी त्याच्यावर मावतात आणि २४३० मिमीच्या व्हीलबेसमध्ये ब्रेकरचं पोट चाकांच्या रेषेपेक्षा फक्त ४३ मिमी वर येतं. १३० मिमीवाली गाडी सावकाश, आरामात जाते. पण आमच्या मामाच्या सोसायटीच्या गेटवरचा ब्रेकर? जेमतेम मीटरभर रुंद आणि १५० मिमी उंच, मी मोजला. तो अख्खा दोन चाकांच्या मध्ये मावतो, म्हणजे पूर्ण १५० मिमी पोटाखाली येतो. १३० मधून १५० जात नाही, तिथे कितीही सावकाश जा, सरळ गेलात तर चेंबर घासणारच. पोरगा महिनाभर रोज तिरका काढत होता आणि वॉचमनला वाटायचं साहेबांना गाडी सरळ चालवता येत नाही.

झुकण्याबद्दलही थोडं. गाडी खाली आली की वजन खाली आलं, म्हणजे वळणात कमी झुकणार, असं सगळ्यांना वाटतं. स्ट्रटवाल्या गाडीत खालचा आर्म मूळ उंचीला साधारण आडवा असतो, गाडी खाली केली की त्याचं चाकाकडचं टोक वर जातं आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती बॉडी झुकते तो बिंदू गाडीच्या वजनकेंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे झुकवणाऱ्या दांड्याची लांबी वाढते. १२ टक्के जादा कडकपणा त्यातच खर्च होतो. त्यामुळे स्प्रिंग फक्त आखूड करून उपयोग नाही, ती जितकी आखूड तितकी जाड तार हवी.

शॉकअपपैकी उजवा तेलाने भिजलेला. ७१,००० किमी झालेला शॉकअप तसाही म्हातारा, लोअरिंगनेच गेला असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण दोन महिने प्रत्येक खड्ड्याला फोमवरून आदळण्याने त्याचा शेवट जवळ आणला हे नक्की.

मग काय करायचं यावर तिघांची बैठक झाली, मी, तो आणि मित्र ज्याचं गॅरेज. माझं मत सरळ होतं, माळ्यावरच्या मूळ स्प्रिंगा परत घाल आणि नवीन शॉकअप टाक. त्याने तोंड असं केलं की लहानपणी पतंग फाटल्यावर करायचा तसं. कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) त्याच्या बजेटच्या बाहेर आणि आमच्या रस्त्यांवर मला ते पटत नाहीत. एकाने सुचवलं स्टॉपर पूर्ण काढून टाका, त्याला मी हात जोडले, स्टॉपर नसेल तर शॉकअप आतून लोखंडाला लोखंड आदळतो किंवा टायर मडगार्डच्या आत घुसतो.

शेवटी मधला रस्ता निघाला. दुसऱ्या एका कंपनीचा २५ मिमीचा सेट मिळाला, पुढची तार १२.५, आटे साडेचार. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चौथा घात आहे ना, कडकपणा १८ टक्क्यांनी वाढतो, हिशोबाने १९.४ न्यूटन, जवळजवळ दोन किलोला एक मिलिमीटर. पुढचे शॉकअप नवीन, गॅसवाले, मूळ लांबीचे. आणि स्टॉपर किती कापता येईल हे अंदाजाने न ठरवता असं केलं: स्प्रिंग न घालता स्ट्रट बसवला, चाक लावलं, आर्मखाली जॅक लावून चाक हळूहळू वर घेतलं, पूर्ण स्टॉपर दबेपर्यंत, मग स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे लागतो, ब्रेकचा पाइप कुठे ताणतो, ड्राइव्ह शाफ्ट मोकळा आहे का हे बघितलं. फोमचं एकेक वेटोळं कापत हेच परत परत. पूर्ण दुपार गेली. १६ मिमी कापल्यावर टायर आणि लायनरमध्ये बोटभर जागा उरली, तिथे थांबलो. मित्र म्हणाला अजून एक वेटोळं जाईल, मी म्हणालो जाईल पण मग पावसाळ्यात लायनरवर चिखल बसला की काय.

हिशोब परत: गाडी शॉकअपवर २४ मिमी खाली आली, ३८ मधून २४ गेले, १४ उरले, स्टॉपर कापून १६ मिळाले, मोकळा रस्ता ३० मिमी. ३० गुणिले १.९८, ५९ किलो. मूळ गाडीचे ६४ होते. पाच किलोचा फरक, म्हणजे एखाद्या तांदळाच्या पिशवीएवढा, तेवढा चालतो. मागे २० मिमी खाली आली आणि बीम लोंबवल्यावरही स्प्रिंग हाताने फिरत नाही. हेडलाइट मोजून नीट केला. सगळे बुशचे बोल्ट चाकं लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, वजन खाली सोडून, मग टॉर्क पान्याने आवळले.

खर्च मात्र त्याने डायरीत लिहिलाय आणि मला दाखवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पहिला सेट आणि मजुरी १९,०००. दुसरा सेट, दोन शॉकअप, दोन बुश, दोन टायर, दोनदा अलाइनमेंट मिळून त्याच्या दुपटीहून जास्त. एवढ्यात त्याची बॅगा भरून गोवा ट्रिप झाली असती, मित्रांसकट.

कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करायला मनाई करतं ज्यामुळे आरसीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेलं १८२अ हे कलम परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही म्हणतं. मी वकील नाही. पोराला एवढंच सांगितलं की विमा कंपनीला ईमेल करून बदल कळव आणि उत्तर जपून ठेव, आणि मूळ स्प्रिंगा माळ्यावरून विकू नकोस, कधीही लागतील.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. दोन्ही पुढच्या शॉकअपच्या दांडीला बुटाच्या आत एकेक बारीक केबल टाय घट्ट बांधला, नळीच्या तोंडाला चिकटून. शॉकअप दबला की नळी टायला वर ढकलते आणि जास्तीत जास्त कुठपर्यंत गेली तिथे तो राहतो, पाच रुपयांत डेटा लॉगर. तेच पाच जण, तोच गाव, नारळाच्या पोत्याऐवजी फराळाचे डबे. परत आल्यावर बूट सरकवला. डावा टाय स्टॉपरला टेकून फोममध्ये ११ मिमी, उजवा ९. बहुधा सुरूर फाट्याच्या आसपासचा तो एक मोठा खड्डा, त्याला सगळ्यांनी एकत्र आई गं म्हटलं होतं. फोम त्याच कामासाठी आहे. जुन्या सेटवर तो कायम दबलेला होता, आता पुण्यापासून वाईपर्यंत जाऊन येऊन जास्तीत जास्त ११ मिमीच दबला. एस वळणात तो मुद्दाम त्याच वेगाने गेला, मागे मामी बसली होती म्हणून मी शेजारून ओरडलो, पण गाडी रेघेत राहिली.

दिसायला पहिल्याइतकी बसकी नाही, हे तो दर भेटीत एकदा बोलतो. सोसायटीचा ब्रेकर सरळ चढतो, एक हलकी खर्र अजूनही येते, पाच जण असले की ती वाढते म्हणून तिथे मागचे दोघं उतरतात. मामीला चढायला आता त्रास होत नाही पण उतरताना अजून मामाचा हात लागतो, तो तिला आधीही लागायचा असं मामा म्हणतो.

एक गोष्ट राहिली. मागे डावीकडे उजवीपेक्षा ४ मिमी खाली आहे, नवीन सेट घातल्यापासून. स्प्रिंगची लांबी दोन्हीकडे सारखी मोजली होती, त्यामुळे माझा संशय वरच्या रबर सीटवर आहे, बहुतेक नीट न बसता दुमडली असणार. पुढच्या रविवारी बीम परत खाली घेतोय, गॅरेजची किल्ली मागून ठेवलीये.